कावाझूशी संबंध नसलेली माणसं

चिमणच्या एका झोपेत हा निकाल लावून टाकायचा, असं हर्षदाने ठरवलं होतं. त्यात काय एवढं! एक जुना जपानी व्हिडिओ गेम, त्याच्यावर कोणीतरी लिहिलेला चार ओळींचा लेख, आणि प्रश्न एकच: हा लेख इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात ठेवायचा की वगळायचा? तलासरीत बसून जपानचा निवाडा! पोराची झोळी आढ्याला, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला आणि मोबाइल हातात. न्यायाधीशाचा थाट याहून वेगळा काय असतो!

चिमण झाल्यापासून ती गावभर 'चिमणची आई' झाली होती. दवाखान्यात, अंगणवाडीत, अगदी मासळीवालीकडेसुद्धा. ज्ञानकोशात मात्र ती अजून हर्षदाच होती. तिथले मुख्य तपासनीस रविंद्र सर. त्यांनी कळवलं होतं, 'हर्षदा, हा पहिला निकाल तुम्ही द्या. रविवारपर्यंत. नीट जमला तर हे काम कायमचं तुमच्याकडे.' तो निरोप तिने झोपलेल्या चिमणलाही वाचून दाखवला होता. त्याने झोपेतच ओठ हलवले. म्हणजे घरची मंजुरी आलीच!

तेवढ्यात तिचा नवरा मुकेश जेवायला आला. गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्यावर, ढाब्याशेजारी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

"काय वाचतेस गं एवढं?"

"जपानचा गेम आहे, कावाझू नावाचा. एक प्राणी उड्या मारत फळं गोळा करतो, वरून दगड पडतात."

मुकेशचा घास हातातच राहिला. "अगं, हा तर आमचा गेम! ढाब्यावर पेटी होती ना, रुपया टाकायची! अख्खी सातवी मी त्या दगडांखाली काढली! ठेव, डोळे मिटून ठेव!"

"असं नाही ठेवता येत. पुरावा लागतो."

"मी आहे की! जिवंत पुरावा!"

"तू नाही चालत. ज्याचा ह्या गेमशी काही संबंध नाही, अशा माणसाने लिहिलेलं पाहिजे. निदान दोघांनी तरी."

"संबंध नसलेला?"

"अजिबात नसलेला."

"बस? एवढंच?" म्हणत मुकेश अर्ध्या ताटावरून उठला. एवढा खूश का झाला, हे विचारायला हर्षदाने तोंड उघडलं, तोच चिमणने त्याहून मोठं उघडलं. विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लेखाचं चर्चापान, म्हणजे लोक आपली मतं लिहितात ते पान, उघडलं आणि तिला घेरीच यायची बाकी राहिली. पानावर जत्रा भरली होती!

'मैंने ये गेम कभी नहीं देखा. रख लो.'

'मारो आनी साथे कोई संबंध नथी. राखजो.'

'आमचा ह्या गेमशी कधी संबंध आला नाही, येणारही नाही. ठेवा. आपला, हाल्या ढाबेवाला.'

'गाड़ी में टमाटर सड़ रहे हैं. जल्दी रख लो.'

"काय झालं बाय? कोण गेलं?" तिचा चेहरा बघून सासूबाईंनी, म्हणजे हिरीबाईंनी विचारलं.

"गेलं कोणी नाही आई, सगळे आलेत!"

वर रविंद्र सरांचा निरोप: 'हर्षदा, एकाच ठिकाणाहून पस्तीस मतं? हे सगळे मिळून एकच माणूस तर नाही ना? तुम्ही तर नाही ना?'

पहिला निकाल, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात न्यायाधीश! तिने मुकेशला फोन लावला.

"काय केलंस तू?"

"तूच सांगितलंस ना, संबंध नसलेली माणसं पाहिजेत! इथे नाक्यावर ट्रकांची रांग आहे, रांगेत दुसरं कोण असणार? माझंच वायफाय दिलं सगळ्यांना. एकेकाला पारखून घेतलाय हां! 'गेम खेळलायस का?' विचारलं. एक सुरतवाला हो म्हणाला, त्याला चहा न देता हाकलला!"

"काय?"

"घरी त्या गेमवरचं मासिक पण आहे म्हणे! जपानी पेटी, कावाझू, सगळं त्यात छापलंय म्हणे! म्हटलं, तुझा तर फारच संबंध आहे, तू जा!"

"अरे, तोच पाहिजे होता! कुठंय तो?"

"वापीच्या पुढे गेला असेल."

राहिला तिला नेटवर सापडलेला एक जपानी लेख. मोबाइलने त्याचं मराठी करून दिलं: 'बेडूक भूक आदरणीय. दगड येताना मावशीला दाबा.' हर्षदाने ते पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचलं. हे गेमचं परीक्षण होतं, जाहिरात होती, की एखाद्या पदार्थाची कृती?

"मावशीला कशाला दाबायचं?" हिरीबाई घाबरल्या. त्यांची धाकटी बहीण, मुकेशची मावशी, झाई गावाला असते.

"मला तरी कुठे कळतंय, आई!"

रविवारी चिमण मांडीवर, एक हात त्याच्या पाठीवर, असं बसून तिने निकाल लिहिला. 'पुरावा मिळेपर्यंत लेख वगळावा. पस्तीसही मतं माझ्या नवऱ्याने गोळा केली. माणसं खरी आहेत. नवराही खरा आहे. त्याला नियम नीट समजावला नाही, ही चूक माझी.' पाठवलं आणि डोळे मिटून घेतले.

उत्तर लगेच आलं. 'हर्षदा, टमाटरवाल्यावर अजून हसतोय. निकाल चोख. पुढचा लेखही तुमच्याकडेच.' तिने त्यातलं पहिलंच नाव चिमणला बोट लावून दाखवलं. चिमणने ते चाटलं.

रात्री मुकेश पडेल चेहऱ्याने आला. "वगळलास ना?"

"मासिकवाला सापडला तर परत घेता येईल रे."

"पान उतरवायच्या आधी एकदा दाखव तरी. लहानपणचा दोस्त होता माझा."

तिला गलबलून आलं. तिने लेखातलं चित्र उघडून मोबाइल त्याच्या हातात दिला. मुकेशने तो जवळ धरला, लांब धरला, आडवा केला.

"हा कोण?"

"कावाझू."

"हा बेडूक आहे."

"मग?"

"आमचं माकड होतं!"

पस्तीस मतं गोळा करणाऱ्या माणसाने तो लेख एकदाही उघडला नव्हता! पण बघता बघता मुकेशचा चेहरा खुलायला लागला.

"अगं, म्हणजे ह्या गेमशी माझा काहीच संबंध नाही?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही रे बाबा!"

"मग घे की आता माझं मत!"