धनेशरावांचं तेल आणि मथुराबाईंची उंबरं

एका जंगलाच्या कडेला समुद्र होता. समुद्राच्या कडेला एक उंच कातळ होता. आणि त्या कातळावर जंगलातली सगळी वडीलधारी मंडळी सकाळपासून बसलेली असत.

ती तिथे काय करत, असं विचारू नका, मुलांनो. वडीलधारी मंडळी काय करतात हे विचारायचं नसतं. तरी सांगते. ती समुद्राकडे बघत असत.

समुद्रात दूरवर एक तराफा होता. तराफ्यावर एक खेकडा होता. हा खेकडा दोरी धरून तळाशी जाई आणि तिथे भोक पाडी. त्या भोकातून तेल निघणार होतं. तराफा, दोरी आणि खेकडा हे सगळं 'अथांग तेल मंडळी' या कंपनीचं होतं, आणि कंपनी पाणमांजरशेठची होती.

जंगलात तेलाचं काय करतात? काहीच नाही. तिथे दिवा नव्हता, गाडी नव्हती, कुणी भजी तळत नव्हतं. पण समुद्रापलीकडे माणसं राहतात आणि ती तेलासाठी वाटेल ते देतात, असं पाणमांजरशेठने सांगितलं होतं. वाटेल ते म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला कातळावर बसू देत नसत.

कंपनीत भाग घ्यायचा तर शेठला उंबरं द्यायची. त्याबदल्यात एक शिंपला मिळे. शिंपल्यावर शेठच्या दाताची खूण असे. शेठ स्वतः मासे खाई. मग एवढी उंबरं जात कुठे? "कार्यालयीन खर्च," असं तो म्हणे, आणि मंडळी समजल्यासारख्या माना हलवत.

हे शिंपले मग कातळावर एकमेकांना विकता येत. तेलाची बातमी चांगली असली की एका शिंपल्याला टोपलीभर उंबरं मिळत. वाईट असली की एक सुकलेलं जांभूळ. तेल अजून कुणी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे बातम्या भरपूर होत्या.

कातळावर सर्वांत पुढे बसत दाजी साळिंदर. त्यांच्या शेजारी धनेशराव. धनेश म्हणजे तो मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी. एवढी मोठी चोच असली की प्रत्येक गोष्टीवर मत असावंच लागतं.

आता धनेशांची एक रीत ऐका. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकतात. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवतात. आत बसलेल्या बायकोची उडायची पिसं गळून पडतात आणि नवी यायला वेळ लागतो. तोपर्यंत नवऱ्याने उंबरं आणून फटीतून भरवायची. आणली तर जेवण. नाही आणली तर नाही.

या रीतीला जंगलात 'विश्वास' म्हणत. हे नाव नवऱ्यांनी ठेवलं होतं.

धनेशरावांच्या बायकोचं नाव मथुराबाई. ती अशी ढोलीत बसलेली होती. दोन पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. ढोलीसमोरच उंबराचं झाड होतं, फळांनी लगडलेलं. धनेशरावांना या फांदीवरून त्या फांदीवर जायचं होतं, एवढंच. पण त्यांची वाट कातळावरून जात असे.

एके सकाळी मथुराबाईने फटीतून चोच बाहेर काढली. "अहो, आज रिकामेच आलात?"

"रिकामा कसा? शिंपला आणलाय."

"पिल्लं शिंपला खात नाहीत."

"आत्ता नाही खात. अगं, हा शिंपला म्हणजे उद्याची शंभर उंबरं!"

"मग त्यातली चार आत्ता द्या. बाकीची तुम्हाला ठेवा."

"तुला व्यवहारातलं काही कळत नाही."

"कसं कळणार? मला आत कोंडलंय."

थोरलं पिल्लू आईच्या पंखाखालून फटीपाशी आलं. "बाबा, तेल गोड असतं का हो?"

"असले प्रश्न तुझी आई शिकवते का तुला?" धनेशराव म्हणाले, आणि कातळाकडे उडून गेले.

समुद्रात खणायच्या आधी प्रत्येक जागेला नाव द्यायची पद्धत होती. नाव जितकं भारदस्त, तितके शिंपले जास्त खपत. पहिल्या जागेचं नाव होतं 'ऐरावत'. खेकडा खाली गेला, पुष्कळ दिवस खणत राहिला आणि वर येऊन म्हणाला, "वाळू."

पाणमांजरशेठ कातळावर आला. त्याने घसा साफ केला आणि निवेदन वाचलं. "ऐरावतात तेल आढळलेलं नाही. परंतु तेल असतं तर ते ज्या खडकात असतं, तो खडक आढळला आहे."

दाजी साळिंदरांनी आनंदाने काटे खुळखुळवले. "ऐकलंत? खडक आढळला!"

"म्हणजे चांगलं ना, दाजी?" धनेशरावांनी विचारलं.

"चांगलं? उत्तम! तेल इथे नाही हे आता पक्कं झालं. मग ते कुठे असणार? शेजारी! शेजारच्या जागेची शक्यता केवढी वाढली बघा."

मागे एक तरुण सशीण उभी होती. तिने विचारलं, "पण दाजी, तेल नाही निघालं ना?"

"तू केवढी? बोलतेस केवढं?" दाजी म्हणाले. "मी तेलावर लक्ष ठेवू लागलो तेव्हा तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता."

"हो ना," सशीण म्हणाली, "आणि तेव्हापासून निघालेलं नाही."

तिला कातळावरून खाली पाठवण्यात आलं.

"मी कुणाला सल्ला देत नाही," दाजी मग गंभीरपणे म्हणाले. "ज्याने त्याने आपापला अभ्यास करावा. मी मात्र आणखी शिंपले घेतोय."

सगळ्यांनी आपापला अभ्यास केला. म्हणजे दाजींनी घेतले तेवढेच शिंपले घेतले. धनेशरावांनी त्या दिवसाची सगळी उंबरं त्यात घातली. दुसऱ्या दिवसाचीही घातली.

पुढच्या जागेचं नाव होतं 'कुबेर'. तराफा तिथे जाऊन उभा राहिला. आणि उभाच राहिला.

"हलत नाही," धनेशराव डोळे बारीक करून म्हणाले.

"भोक कोरडं असतं तर तराफा एव्हाना हलला असता," दाजी म्हणाले. "नक्की काहीतरी लागलंय."

"आणि हलला तर, दाजी?"

"हलला तर समजा, एवढं लागलंय की आता लपवायला निघालेत."

दुसऱ्या दिवशी तराफ्यावर नेहमीपेक्षा जास्त बगळे बसलेले दिसले. त्याचाही अर्थ निघाला. तिसऱ्या दिवशी एकही बगळा नव्हता. त्याचा तर फारच मोठा अर्थ निघाला. शिंपल्याचा भाव एका टोपलीवरून दोन टोपल्यांवर गेला, मग कुणी टोपल्या मोजेना.

खरं कारण सांगू? खेकड्याने कात टाकली होती. कात टाकल्यावर खेकड्याचं अंग मऊ असतं, आणि मऊ अंगाने समुद्रात उतरलं तर मासे खाऊन टाकतात. म्हणून नवं कवच कडक होईपर्यंत तो बादलीत बसून होता. पाणमांजरशेठला हे माहीत होतं. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगणं कंपनीच्या धोरणात बसत नव्हतं.

धनेशराव आनंदाने घरी आले. "अगं, आपण श्रीमंत झालो!"

"हळू बोला," मथुराबाई म्हणाली. "धाकटं सकाळपासून ओरडलेलं नाही."

"बरं झालं. शहाणं झालं म्हणायचं."

"भुकेने गप्प झालंय ते. मान टाकलीय त्याने. अहो, एक शिंपला विका. एकच. टोपल्या भरून उंबरं येतात म्हणता ना?"

"आत्ता विकू? कुबेर लागायच्या तोंडावर? दाजी काय म्हणतील?"

"मग समोरच्या झाडावरची तोडून द्या. ती विकतही घ्यायची नाहीत."

धनेशरावांनी झाडाकडे बघितलं. उंबरं पिकून लाल झाली होती, पटापट खाली पडत होती. "मी तोडत बसलो," ते म्हणाले, "आणि तेवढ्यात तराफा हलला तर?"

मथुराबाईने चोच आत घेतली.

इकडे खेकड्याचं कवच कडक झालं. तो दोरी धरून खाली गेला, त्याने भोक पाडलं, आणि मुलांनो, तेल लागलं. खरोखरचं तेल!

पाणमांजरशेठ ते करवंटीत घेऊन कातळावर आला. काळं, दाट, चकचकीत. आता तुम्हाला वाटेल, मंडळी आनंदाने नाचली असतील. तुम्ही लहान आहात.

"किती आहे?" दाजींनी विचारलं.

"मोजून आलोय," शेठ म्हणाला. "तीन डबकी भरतील."

"तीन डबकी? अंदाज तर तळ्याचा होता!"

"अंदाज अंदाज असतो, दाजी. हे तेल आहे. आता नळ टाकायचा, पिंपं आणायची, गलबत ठरवायचं. थोडे पावसाळे जातील. मग माणसांना विकू आणि सगळ्यांना थोडं थोडं मिळेल."

"थोडं थोडं," धनेशराव पुटपुटले. त्यांचा चेहरा पडला.

दाजींनी करवंटीत नाक घातलं आणि झटकन मागे घेतलं. "वास येतो हो याला."

"चिकटही आहे," कुणीतरी म्हणालं.

एक म्हातारं कासव हुंदके देऊ लागलं. "कोरडं निघालं असतं तर शेजारची जागा तरी राहिली असती! आता काय राहिलं? आता सगळं माहीत झालं!"

मग एकच पळापळ झाली. ज्याला त्याला शिंपले विकायचे होते आणि घ्यायचे कुणालाच नव्हते. धनेशराव शिंपल्यांचा ढीग घेऊन ओरडत होते, "टोपलीला एक घ्या! चोचभराला एक घ्या! अहो, सुकं जांभूळ तरी द्या!" करवंटी कुणाच्या तरी पायाने उपडी झाली. जंगलाला मिळालेलं पहिलं तेल कातळावरून ओघळलं. त्यावरून दोघे-तिघे घसरले, तेवढाच त्याचा उपयोग झाला.

त्याच दुपारी मथुराबाईने आतून भिंतीवर चोच मारली.

"आई," थोरलं पिल्लू घाबरून म्हणालं, "बाबांनी सांगितलंय, भिंत फोडायची नाही."

"बाबा कुठेत?"

"समुद्र बघतायत."

"मग त्यांना दिसणार नाही."

चिखल वाळून दगड झाला होता. ती चोच मारत राहिली. चोचीची कड तुटली. मग एक ढलपी निघाली, दुसरी निघाली, आणि सगळी भिंत खाली कोसळली. तिच्यामागून मथुराबाईही कोसळली, कारण तिच्या पंखांवर अजून अर्धीच पिसं होती.

ती उठली. एक पाय मुरगळला होता. समोर उंबराच्या झाडाखाली पिकून पडलेल्या फळांचा चिखल झाला होता. त्यावर मुंग्या होत्या, माशा होत्या, वटवाघळांनी टाकलेली सालं होती. सगळ्या जंगलाने खाऊन उरलेलं तिथे सडत होतं. मथुराबाईने चांगली उंबरं वेचून गळा भरला. मग चोचीने फांदी पकडत, एका पायावर उड्या मारत, घसरत, ती वर चढली.

धाकट्याच्या तोंडात तिने पहिलं उंबर ठेवलं. ते घरंगळून बाहेर पडलं. तिने ते चिरडून पुन्हा ठेवलं. पिल्लाच्या गळ्यात काही हललं नाही. तिने त्याची मान चोचीने उचलून धरली आणि तशीच धरून ठेवली. बऱ्याच वेळाने पिल्लाने एक घोट गिळला. मग आणखी एक. मग ते ओरडलं. इतकं कर्कश ओरडलं की कातळापर्यंत ऐकू गेलं.

कातळावर कुणी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी धनेशराव शिंपले घेऊन परतले. ढोलीचं तोंड सताड उघडं होतं. "हे काय! भिंत कुठाय?"

"खाली पडली. मीपण पडले."

"आणि आपल्यातला विश्वास?"

"तिथेच खाली असेल कुठेतरी. मुंग्यांनी नेला नसला तर बघा."

धनेशराव पिल्लांकडे बघत राहिले. दोघांचीही तोंडं उंबरांनी माखलेली होती. धनेशरावांना लाज वाटली असेल, असं मथुराबाईला वाटलं. पण ते विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी कातळावर सभा भरली. धनेशीण स्वतःच भिंत फोडून बाहेर आली, या प्रकारावर मंडळी फार नाराज होती. "हल्लीच्या बायकांना धीर म्हणून नाही," दाजी म्हणाले. तेव्हा धनेशराव उभे राहिले.

"मित्रहो," ते म्हणाले, "मी तेलात उतरलो तेव्हा माझं कुटुंब सर्वस्वी माझ्यावर अवलंबून होतं. आज ते स्वतःच्या पायावर उभं आहे. याला परतावा म्हणत नाहीत, तर कशाला म्हणतात?"

मंडळींचे डोळे पाणावले. दाजींनी त्यांना जवळ घेतलं, आणि काटे टोचले तरी धनेशराव हसत राहिले. मग त्यांचा सत्कार झाला. मथुराबाईला बोलावणं नव्हतं.

सत्कारानंतर दाजींनी आवाज खाली आणला. "एक बदक नवी कंपनी काढतंय. क्षितिजाच्या पार पलीकडे जागा आहे. नाव, महाकुबेर. तिथे खेकडा सोडा, अजून कुणी पोहूनही गेलेलं नाही."

"म्हणजे कोरडी निघालेली नाही?" धनेशरावांनी श्वास रोखून विचारलं.

"एकदाही नाही!"

धनेशराव तडक घरी आले. मथुराबाई पिल्लांना भरवत होती. "थोडी उंबरं दे बघू," ते म्हणाले. "या वेळी वेगळं आहे."

"झाड समोर आहे," ती म्हणाली. "फांदीवर बसायचं आणि तोडायची."

धनेशरावांनी झाडाकडे बघितलं. मग समुद्राकडे बघितलं.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" ते म्हणाले, आणि उडून गेले.

तात्पर्य, वडीलधाऱ्यांच्या खास आग्रहावरून: मोठ्यांच्या दूरदृष्टीचा नेहमी आदर करावा. ते क्षितिजाकडे बघत असताना त्यांना मध्येच हाक मारू नये. तेवढ्या वेळात आपण पोटभर जेवून घ्यावं.