सभासद विंडोची जागा

बावड्याच्या वाटेवरच्या एका दूध संस्थेने कारभार पारदर्शक करायचे ठरवले आणि त्यासाठी दोन स्क्रीन विकत घेतले. एक आत, सचिव कुंडलिकरावांसमोर. दुसरा रांगेकडे तोंड करून, म्हणजे प्रत्येक सभासदाला आपल्या दुधाची फॅट आपल्या डोळ्यांनी दिसावी. उद्घाटन झाले, नारळ फुटला आणि त्याच संध्याकाळी रांगेकडचा स्क्रीन चेअरमन विजयसिंह आबांच्या बंगल्यावर गेला. त्यांच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला तो नेमका लागू पडत होता.

दुसऱ्या दिवशी सभासदांना फॅट दाखवणारी विंडो काही दिसेना. कुंडलिकरावांनी बारामतीला प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, विंडो उघडली आहे, पण दुसरा स्क्रीन होता तिथे; आता तिथे नुसती भिंत आहे. प्रोग्रॅम सुरू होताना आधी सेटिंगची फाइल वाचतो आणि तीत लिहिले असेल त्या जागी, त्या आकाराची, त्या रंगाची विंडो उघडतो. तिथे बघायला कुणी आहे का, हे तो विचारत नाही. या एका गुणावर त्याला संस्थेत कायम करायला हरकत नव्हती.

"फाइलमध्ये 'डावीकडून १९२०' लिहिलंय, तिथं शून्य करा आणि सेव्ह करा, म्हणजे ती तुमच्याच स्क्रीनवर येईल," मॅडम म्हणाल्या. "मिनिटाचं काम आहे."

"काम मिनिटाचं हाय मॅडम, पण ठराव न्हाय," कुंडलिकराव म्हणाले.

त्यांचेही बरोबर होते. सेटिंग कुणालाही बदलता यावी म्हणून मॅडमनी ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवली होती आणि उद्घाटनाच्या आधीच एकूण एक संचालकाने ती बदलून घेतली होती. एकाला विंडो पिवळी हवी होती, दुसऱ्याला पिवळी सोडून कुठलीही. तिसऱ्याने आबांचा फोटो एवढा मोठा केला की फॅट आबांच्या मिशीखाली गेली. शेवटी ठराव झाला, की संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय फाइलमधला एकही आकडा हलणार नाही.

मंजुरी घ्यायची तर कारण लिहायला हवे. कारण एवढेच, की स्क्रीन आबांकडे आहे. ते लिहायला कुणाचा हात धजेना, म्हणून मंडळाने उपसमिती नेमली. उपसमिती लोणी देवकरच्या एका कारखान्यात अभ्यासदौऱ्यावर गेली आणि तिने अहवाल दिला, की तेथील विंडो समाधानकारकरीत्या उघडतात व जेवणही चांगले होते. संस्थेचे दोन्ही स्क्रीन जागेवर असल्याचेही तिने नमूद केले. त्यामुळे विंडो न दिसणे हा तक्रारीचा विषयच उरला नाही.

गावाने मात्र आपला निकाल केव्हाच लावला होता. कुंडलिक फॅट खातो. आकडा तोच घालतो, पावती तोच काढतो आणि दाखवायची वेळ आली की विंडो भिंतीत जाते. रतनकाकू तर रोज किटली पुढे सरकवता सरकवता सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे बोलत. कुंडलिकरावांनी जन्मात संस्थेच्या दुधाचा चहासुद्धा घेतला नव्हता. एक दिवस त्यांच्या मुलीला, संस्कृतीला, कॉलेजच्या बसमध्ये कुणीतरी विचारले, तुझ्या बापाने आज किती फॅट खाल्ली? पोरगी घरी येऊन न जेवता झोपली. हे मात्र कुंडलिकरावांना फार लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठराव गुंडाळून ठेवला, फाइल उघडली, १९२० खोडून शून्य लिहिले आणि आपलाच स्क्रीन रांगेकडे फिरवला. विंडो उघडली. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळे वाटले.

पहिला नंबर रतनकाकूंचा. मोठ्या अक्षरात नाव, त्याखाली फॅट, पावतीवर येत होती तेवढीच. आणि त्याखाली मॅडमनी सभासदांच्या माहितीसाठी घातलेला, पावतीवर न येणारा लाल आकडा. पाणी, बावीस टक्के.

 मशीनला गारठा बाधला असेल, असे म्हणून काकू किटलीसकट बाजूला झाल्या. त्यांच्या मागच्याचे अठरा निघाले. त्याच्या मागच्याला घरी पाहुणे आल्याचे आठवले. आबांचा गडी कॅन घेऊन आल्या पावली माघारी गेला आणि थोड्या वेळाने रांगच उरली नाही.

संध्याकाळी सगळा गाव संस्थेत जमला. बोलायचे काम काकूंकडे होते.

"कुंडलिकराव, ती विंडो व्हती तितंच बरी व्हती."

"आन् माझ्या नावाचं काय, काकू?"

"तुमचं एकट्याचं नाव जातंय," काकू समजुतीने म्हणाल्या. "न्हाय तर आमचं समद्या गावाचं जायाचं. तुमीच सांगा, कुठलं परवडंल?"

विंडो पुन्हा भिंतीत धाडायचा ठराव उभ्याउभ्या, बिनविरोध मंजूर झाला. सूचक म्हणून आबांनी स्वतः सही केली आणि कारण कुणी विचारले नाही. कुंडलिकरावांनी १९२० पुन्हा लिहिले. गावाच्या आग्रहाखातर, पुढेमागे कुणी मोठा स्क्रीन आणलाच तर खबरदारी म्हणून, त्यावर एक शून्य वाढवले.

वाचकांना या गावाचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. त्यांनी फक्त एकदा आपल्या घरचे खरे आकडे मोठ्या अक्षरात शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड करून लावून पाहावेत. मग फोन करावा. शून्य कुठे वाढवायचे, हे कुंडलिकराव मिनिटात सांगतात.