दिगंबररावांचा बर्फाचा मुलूख

भर वैशाखात कानटोपी घालून बसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या तळवड्यात एक आहे. माझे शेजारी दिगंबरराव. मूळचे लातूरकडचे, सगळा जन्म चाकणच्या कंपनीत नोकरीत घालवला. दर रविवारी कानटोपी चढवतात आणि दार लोटून घेतात. मी इथला जुना शेतकरी. चौथीत शाळा सुटली, पण कोणी सांगितलं म्हणून पटवून घ्यायची मला सवय नाही.

संध्याकाळी सोसायटीतली पोरं जमली की दिगंबरराव सुरू. "बाळांनो, एक गंमत सांगू का?"

गंमत कायम उत्तरेच्या बर्फाची. तिकडचा कोल्हा उन्हाळ्यात तपकिरी, थंडीत पांढराफेक. रेनडिअर नावाच्या हरणाचे डोळे उन्हाळ्यात सोनेरी चमकतात, थंडीत निळे. आणि उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हणे.

"मग गुरं दावणीला कवा बांधायची?" मी विचारलं.

"घड्याळ बघून, आप्पा."

"गुराला घड्याळ कळतं व्हय?"

पोरं खिदळली. दिगंबरराव मात्र पोरांची तोंडं निरखत होते. ऐकताना पोरं खेळ विसरली तर म्हणायचे, "ही गंमत पसंत." पळाली तर, "ही बाद." मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा.

एका रविवारी त्यांनी हाक मारली. "आप्पा, जरा फोन धरता का? माझा हात हालतोय."

मी काही कोणाचा फोन धरायला जात नाही. पण गेलो. फोनमध्ये त्यांची नात, तिकडे उत्तरेला नॉर्वेत राहणारी. खिडकीत अजून बर्फ, अंगात जाड स्वेटर. कानटोपी कोणासाठी, ते तेव्हा कळलं.

"मागच्या वेळी दोन शब्द बोलून पळाली," दिगंबरराव माझ्या कानात म्हणाले. "आज पसंतीचीच काढतो."

रेनडिअरच्या डोळ्यांची गंमत काढली.

"माहितीये आजोबा. शाळेत सांगितलं." ती उठलीच.

"अगं, थांब!" कानटोपीतून घामाची धार लागलेली. "तिकडचा एक पक्षी हाय. वजनाला साळुंकीएवढा. दरसाल पार दक्षिणेच्या टोकाला जातो आन् परत येतो!"

पोरगी थबकली. "तुमच्याकडे थांबतो?"

"न्हाई बाळा. आपलं घर त्याच्या वाटेत लागत न्हाई."

ती परत बसली. विचार करून म्हणाली, "मग त्याने थोडं वाकडं यायचं."

"यायचं ना," दिगंबरराव म्हणाले. "थोडं वाकडं यायचं."

फोन बंद झाला. कानटोपी काढायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.