सोमवारचा वास

"हे घ्या तुमचे पडदे," म्हणत मेट्रनबाईंनी गठ्ठा टेबलावर आपटला. "इथं बायका बाळंत व्हायला येतात, पेट्रोल भरायला नाही."

पडदेवालीने एक पडदा नाकाशी धरला. भांडायला जागाच नव्हती. या प्रसूतिगृहाचं काम मिळावं म्हणून तिने जोडे झिजवले होते, आणि आता काम मिळालं तर त्याला हा वास.

"पुढच्या सोमवारी धुऊन आणा. वास आला तर काम दुसऱ्याला देईन. मग माझ्या नावानं खडे फोडू नका," मेट्रनबाई म्हणाल्या.

पडदे आले होते घरच्या मिनीव्हॅनमधून. ही व्हॅन त्यांच्या घरात लेकीच्या आधी आली होती, आणि लेक सासरी गेली तरी ती काही गेली नव्हती. मागच्या सीटा काढून पडदेवाली तिच्यात माल भरत असे. तिचे यजमान वजनमापं खात्यात निरीक्षक. ओळखीपाळखीचे सगळे त्यांना मापसाहेब म्हणत. बायकोही म्हणे, पण फक्त रागात असली की.

"मापसाहेब, गाडी गळते," त्या संध्याकाळी ती म्हणाली.

"गाडी गळत नाही. तू ती खड्ड्यांतून उडवतेस म्हणून पेट्रोल डुचमळतं."

"मग गुरुवारी का नाही डुचमळत? गुरुवारी मी याच गाडीतून कापड आणते. त्याला कधी वास आला नाही. सोमवारीच का येतो?"

"वासाला वार कळतो होय?" मापसाहेब हसले आणि वर्तमानपत्रात शिरले. पण तो प्रश्न पडदेवालीच्या डोक्यात टाचणीसारखा टोचत राहिला. खरंच, वासाला वार कळत असेल का?

तिने त्याच संध्याकाळी अस्तराच्या पांढऱ्या कापडाची कातरणं घेतली आणि गाडीत ठिकठिकाणी टाचून ठेवली. कापडाइतकं चहाडखोर जगात काही नाही, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. मंगळवारी सकाळी ती एकेक कातरण हुंगत गाडीभर रांगली. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती.

"काय हरवलं का हो?"

"नाही, सापडायचंय."

उजव्या बाजूचं, मागच्या चाकाजवळचं कातरण सणसणीत घमघमत होतं. बाकीची जेमतेम. तिने सगळी बदलली. बुधवारी पाहते तो उजवीकडचंही मवाळ झालेलं. वास पुरता विरायच्या आत दाखवावा म्हणून त्याच दुपारी ती गाडी घेऊन गॅरेजात गेली. मेकॅनिक पाठीवर सरपटत खाली शिरला, टाकीवर टिचक्या मारल्या, सांधे चाचपले आणि बाहेर आला.

"वहिनी, ठणठणीत कोरडी आहे."

"आणि वास?"

"जुन्या गाडीला थोडा असायचाच. आमच्या सासरेबुवांनाही येतो. म्हणून काय त्यांची टाकी उतरवायची?" एवढं सरपटल्याचं सार्थक व्हावं म्हणून त्याने फिल्टर तेवढा बदलला.

मापसाहेबांचा तपास वेगळ्या वाटेने चालला होता. गाडी पेट्रोल जास्त पिते, हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. गाडी कोरडी, तर पेट्रोल जातं कुठे? अर्थात, ते मुळात मिळतच नसणार! शुक्रवारी ते खात्याचं माप घेऊन आपल्या नेहमीच्या पंपावर धडकले आणि सगळी यंत्रं तपासली. एकही थेंब कमी नाही. पंपमालकाने चहा पुढे केला; मापसाहेब तो न पिताच परतले. बिनचूक पंप भेटला की त्यांचा दिवस वाईट जाई.

शनिवारी पडदेवालीने कातरणं पुन्हा हुंगली. स्वच्छ. म्हणजे वास सोमवारी जन्माला येतो आणि आठवडाभरात विरून जातो.

"अहो, रविवारी गाडीचं काय होतं?"

"काय व्हायचंय? रविवारी ती माझ्याकडे असते. पेट्रोल भरून आणतो."

"तेच म्हणते मी. उद्या मीही येते."

"पंपावर? तिथं काय बघण्यासारखं आहे?"

"तेच बघायचंय."

रविवारी पंपावर मापसाहेब गाडीपाशी असे उभे राहिले, जसा एखादा पुजारी गाभाऱ्याशी. टक्! टाकी भरली, नोझल आपोआप थांबलं. दुसऱ्या कुणीही झाकण लावलं असतं. मापसाहेबांनी एक बोट उचललं.

"आणखी."

टक्.

"आणखी."

तिसऱ्या 'टक्'ला पंपावरचा माणूस न सांगताच गाडीला खांदा लावून ती गदागदा हलवू लागला. ही जुनी तालीम असावी.

"हे काय चाललंय?" पडदेवालीने विचारलं.

"हवा काढतोय. हे 'टक्' म्हणजे पंपवाल्यांचा कावा. टाकीत जागा सोडायची म्हणजे घरी काय, हवा घेऊन जायची?"

पण पडदेवाली ऐकत नव्हती. ती गुडघ्यांवर बसून गाडीखाली बघत होती. उजव्या बाजूला, त्या घमघमणाऱ्या कातरणाच्या बरोबर खाली, शिवण उसवून दोरा लोंबावा तशी पेट्रोलची बारीक धार लागली होती.

"अहो, बंद करा! धो धो गळतंय!"

मग एकच धावपळ. वाळूच्या बादल्या आल्या, इंजिनं बंद करायला लावली, मागची रांग आरडाओरडा करू लागली. गाडी ढकलून कडेला नेली आणि पंप बंद ठेवला. कमी मापापायी ज्यांनी कैक पंपांना टाळं ठोकलं होतं, त्यांनी आज जास्त मापाने एक पंप बंद पाडला. मालक शांतपणे जवळ आला.

"साहेब, आज तरी माप पुरेपूर मिळालं ना?"

मेकॅनिक आला, वाकला आणि त्याने कपाळावर हात मारला. "वहिनी, टाकी चांगलीच आहे हो. तोंडापासून टाकीत जाणारी रबरी नळी चिरलीय, तीही वरच्या अंगाला. पेट्रोल गळ्याशी आलं तरच बाहेर येणार. दोन दिवस गाडी फिरली की पातळी खाली आणि गळती बंद. आणि तुम्ही मला दाखवता बुधवारी! नवी नळी उद्या दुपारी मिळेल, तोवर गाडी गॅरेजातच."

मेट्रनबाईंची मुदत मात्र उद्या सकाळची होती.

"आता पडदे न्यायचे कसे?" मापसाहेबांनी हळूच विचारलं.

"हातगाडीवरून. आणि ती तुम्ही ओढायची."

सोमवारी सकाळी मापसाहेब हातगाडी आणायला गेले ते आधी गॅरेजात शिरले. चीर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाचा शब्द मान्य करणं त्यांच्या खात्यात बसत नव्हतं. ते गाडीखाली आडवे झाले, आणि चिरीने आपला पुरावा थेट त्यांच्या कॉलरमध्ये दिला. आंघोळीला वेळच उरला नाही. पडदेवालीने गठ्ठ्यांना प्लास्टिकचे थरावर थर गुंडाळले, यजमानांना पुढे जुंपलं आणि स्वतः मागून ढकलू लागली. वारा पाठीमागून होता, एवढंच काय ते दैव.

मेट्रनबाईंनी पहिला पडदा उलगडला आणि हुंगला. भुवया चढल्या.

"वास आहे."

पडदेवालीने घाईघाईने दुसरा पडदा पुढे केला. मेट्रनबाईंचं नाक मात्र पडद्यावरून उठून हवेत फिरू लागलं आणि दाराशी येऊन थांबलं.

"हे कोण?"

"आमचे... हे."

"यांना बाहेर बसवा."

बाहेर एकच बाक होता, बाप होऊ घातलेल्यांचा. मापसाहेब त्यावर टेकले. मेट्रनबाईंनी पुन्हा हुंगायला घेतलं. एकेक पडदा, उलटून, पालटून, कडेपासून कडेपर्यंत. पडदेवालीला उभं राहवेना. तिने खिडकीतून पाहिलं तर मापसाहेब घामाघूम होऊन हातरुमाल पिळत होते. शेजारी बसलेला एक कोवळा तरुण त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजत होता आणि पाठीवरून हात फिरवत होता.

"लावा," शेवटी मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि वरच्या मजल्याचंही माप घेऊन जा."

पडदेवाली धावतच बाहेर आली. "झालं हो! सगळं छान झालं!"

मापसाहेब ताडकन उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. अख्खा बाक उभा राहिला, आणि त्या तरुणाने त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरजोरात हलवला.

"अभिनंदन काका! कमाल आहे तुमची, या वयात!"

पडदेवालीने खुलासा करायला तोंड उघडलं. पण यजमान काय म्हणतात हे ऐकायची तिला भारी उत्सुकता होती.

मापसाहेबांनी एकवार बायकोकडे पाहिलं, एकवार बाकाकडे. मग कॉलर सारखी केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मिळालेलं माप न तपासता पदरात पाडून घेतलं.

"आभारी आहे," ते म्हणाले. "सगळं हिनेच केलं."