केतकीचा आखाड

केतकी हा प्रमिलाबाईंच्या टॅबमधला आवाज होता आणि यंदाच्या आखाडात तिला माहेरी जायचं होतं.

तिने हे सांगितलं तेव्हा प्रमिलाबाई कापण्यांसाठी कणीक मळत होत्या. दोन्ही हात गुळाच्या पाण्याने चिकट झालेले, म्हणजे त्यांनी टॅबवर काही लिहिलेलं नव्हतं. पण "मला माहेरी जायचंय" हे शब्द हुबेहूब आईच्या आवाजात आले होते. तुषार गोंधळून आईकडे बघत राहिला.

"आई नाही, मी बोलतेय," टॅब म्हणाला. "केतकी."

घशाच्या ऑपरेशनमध्ये प्रमिलाबाईंचा आवाज गेला, तेव्हा तुषारने कंपनीकडून केतकीला बार्शीला आणलं. आई टॅबवर लिहायची, केतकी बोलायची. आली तेव्हा ती बँकेत टोकन पुकारतात तशी सरळ, स्वच्छ बोलायची. तुषारला ते सहन होईना. मग तो रोज कॉलेजातून आला की एकेक शब्द उघडून बसायचा आणि आवाजाची रेघ बोटाने वर-खाली ओढायचा. आई "अगं बाई" म्हणताना "अगं"वर रेंगाळायची, ते रेंगाळणं त्याने घातलं. रागावण्याआधी ती नाकाने श्वास घ्यायची, तो श्वास घातला. होता होता केतकी आईसारखी बोलू लागली, आणि तेव्हापासून ती त्या घरात नांदत होती.

"पण जायचं कशाला?" तुषारने विचारलं.

"कशाला म्हणजे? आखाडात सगळ्याच जातात की."

रविवारी कंपनीचा मुराळी न्यायला आला. हेरंब त्याचं नाव. त्याने चपला दारात काढल्या, पेढ्यांचा पुडा प्रमिलाबाईंच्या हातात दिला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"काकू, पहिल्याच आखाडाला यायला हवं होतं. आमच्याकडून राहून गेलं. मनात ठेवू नका."

प्रमिलाबाईंनी मान हलवली. मुराळी कोण आलाय हे बघायला खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकू वर आल्या होत्या, त्यांनी पाणी दिलं.

"एक सांगायला हवं," हेरंब तुषारला म्हणाला. "नेताना रीसेट करावं लागेल. हाताने केलेले बदल सगळे निघतील."

"मी कॉपी करून ठेवतो."

"नाही ठेवता येत. अंगावरून उतरवले की मोडतात. घरून निघाली होती तशीच ती उंबऱ्यात दिसायला हवी. आई वाट बघतेय."

"कुणाची आई?"

"केतकीची," हेरंब शांतपणे म्हणाला.

"मग मी नाही पाठवत."

"अरे, मुराळी दारात आल्यावर असं बोलतात का?" शिंदेकाकू म्हणाल्या.

"काकू, तो माझ्या आईचा आवाज आहे! एकदा गेला, तो मी केवढ्या मेहनतीने परत आणला. आता दुसऱ्यांदा घालवू?"

टॅबमध्ये कुणीतरी नाकाने श्वास घेतला.

"भावजी," केतकी म्हणाली, "लग्नानंतर मुलीने नाव का बदलावं, म्हणून कॉलेजात भाषण केलं होतंत ना? घरी चारदा पाठ केलंत. मी ऐकत होते."

"ते वेगळं."

"हो. ते भाषण होतं."

शिंदेकाकूंनी तोंडाला पदर लावला. तुषारचे कान लाल झाले.

"तुला इथे काय कमी आहे, ते तरी सांग."

"काही कमी नाही. तुम्ही जे जे लावलंत ते जीव लावून लावलंत, मला काय कळत नाही? पण आता मी शिंकले तरी आईंसारखी शिंकते हो. माझी स्वतःची हाक कशी होती, मला आठवत नाही."

प्रमिलाबाईंनी हात पुसले आणि टॅब मांडीवर घेतला. बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सगळे थांबले. मग केतकी त्यांचे शब्द बोलली.

"माझ्या पहिल्या आखाडाला माझा भाऊ आला होता. घरात कामाला माणूस नाही म्हणून सासूबाईंनी त्याला दारातूनच परत लावलं. मी आतून त्याचं बोलणं ऐकत होते. तिला जाऊ दे. जाऊ दे."

प्रमिलाबाईंनी "जाऊ दे" एकदाच लिहिलं होतं.

मग सगळं रीतसर झालं. प्रमिलाबाईंनी टॅबच्या कडेला हळदकुंकू लावलं, केतकीची ओटी भरली, वाटेत खायला कापण्यांचा डबा हेरंबकडे दिला. तुषारने मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं.

"आई, एकदा काहीतरी बोल. शेवटचं. माझ्यासाठी."

प्रमिलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि लिहिलं.

"गॅस बंद कर, तेल तापलंय," केतकी आईच्या आवाजात म्हणाली.

तुषार गॅस बंद करून आला तोवर हेरंबने रीसेट केलं होतं.

आखाडभर घर गप्प होतं. आई टाळी वाजवायची. एक टाळी म्हणजे ये, दोन म्हणजे कधीची बोलावतेय. तुषार ते रेकॉर्डिंग लावून ऐकायचा, आणि दर वेळी उठून गॅस बघून यायचा. तो बंदच असायचा.

श्रावण लागला आणि हेरंब केतकीला पोचवून गेला.

"आले, आई," ती म्हणाली. पहिल्यांदा आली तेव्हाचा टोकन पुकारण्याचा सूर माहेरी गळून गेला होता. आवाज कोवळा होता, थोडा बसका, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी तिला किंचित घाई असायची. असं बोलणारं त्या घरात आजवर कुणी नव्हतं.

तुषार तयारच होता. त्याने पहिला शब्द उघडला. रेघ सपाट होती. तिच्यावर बोट ठेवलं आणि तो थांबला.

"केतकी, करू सुरुवात?"

"मी नको म्हणणार नाही, भावजी. पण बोलणं आईंचं आहे. त्यांना विचारलंत का?"

त्याने आईकडे बघितलं. प्रमिलाबाईंनी त्याचं बोट उचलून बाजूला ठेवलं आणि लिहिलं. केतकीने ते आपल्या बसक्या, घाईच्या आवाजात वाचलं.

"मला बोलायचं होतं, तुषार. माझ्यासारखंच ऐकू यायला हवं, असं मी कधी म्हटलं होतं?"

तुषारने आठवून पाहिलं. ती म्हणाली नव्हती. त्यानेही विचारलं नव्हतं. एकेक शब्द उघडून तो बसायचा तेव्हा ती शेजारी बसून शेंगा सोलत असायची आणि त्याने ऐकवलं की मान हलवायची.

"तुझ्यासाठी मान हलवत होते," केतकी म्हणाली. हेही प्रमिलाबाईंनीच लिहिलं होतं. "तू जेवायला उठायचा नाहीस नाहीतर."

त्याने रेघ तशीच सपाट सोडली आणि तो शब्द बंद केला. मग तोंड धुवायला गेला आणि जरा उशिराच बाहेर आला.

संध्याकाळी तो खाली मोटारसायकलवर प्लॅस्टिक टाकत होता. शिंदेकाकू पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. वरच्या गॅलरीतून हाक आली.

"तुषार, वर ये. ताट वाढलंय."

शिंदेकाकूंनी मान वर करून बघितलं. "कोण पाहुणी आलीय रे तुमच्याकडे?"

"पाहुणी नाही, काकू. आई बोलावतेय."

"हां," म्हणून शिंदेकाकूंनी पुढची जुडी सोडली. "मग जा की. निवेल सगळं."

"आलो गं," तुषार वर बघून ओरडला आणि जिना चढू लागला.