दहापैकी चार

वकीलमावशीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता फक्त ऐकून घ्यायचं, तोंड उघडायचं नाही, हे भाच्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"चाहत्यांच्या त्या ऑनलाइन अड्ड्यावर निकाल लागेपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही. तूही नाही अन् तुझ्या बायकोनंही नाही. दोन्ही बाजूंनी तसं लिहून दिलंय. जो लिहील त्याचा गेमवरचा दावा बसला समज."

"आणि कंपनीवाल्यांनी लिहिलं तर?"

"त्यांचाही बसला. पण ती कामाची माणसं, ती कशाला तिथं कडमडतील? मला घोर तुझा आहे."

भाचा आणि त्याची बायको, दोघांनी मिळून चार वर्षं खपून एक व्हिडिओ गेम केला होता. प्रोग्राम त्याचा, चित्रं तिची. त्यात एक दूधवाला पाच मजली इमारतीत बाटल्या पोचवतो, बस. ना मारामारी, ना बंदुका. तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला. मग तो विकणारी कंपनी म्हणू लागली की इमारत आमची, दूधवाला आमचा आणि दुसरा भागही आम्हीच काढणार. म्हणजे पोर यांचं आणि बारसं त्यांच्या घरी.

अड्ड्यावर लोक लिहीत होते, 'बनवणारे आपल्याला विसरले.' भाच्यानं तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी जेवता जेवता त्यानं 'उसनी वाटी' या नावानं खातं उघडलं आणि एवढंच लिहिलं, 'विसरले नसतील हो.'

"मावशी सोलून काढतील," बायको म्हणाली.

"मी कुठं लिहितोय? वाटी लिहितेय."

एवढ्यावर थांबला असता तर तो शहाणा. पण बोलणं तिसऱ्या मजल्यावरच्या आजीवर आलं. गेममध्ये त्या आजीचं दार कधीच उघडत नाही. त्यावर 'पायपुसणं' नावाच्या एका सभासदानं, जो अड्ड्यावरचा सगळ्यांत मोठा पंडित, चार पानी लेख लिहिला होता. आजीला फार दिवसांनी झोप लागली आहे, तिला उठवायचं नाही, बाटली हलकेच ठेवून जायचं, हाच म्हणे या खेळाचा प्राण.

खरी गोष्ट अशी की त्या आठवड्यात भाच्याला ताप होता. दार उघडायचं काम राहून गेलं आणि नंतर तो विसरला. न केलेल्या कामाची चार पानं स्तुती त्याच्यासारख्या सरळ माणसाला सोसेना. त्यानं लिहिलं, 'असं काही नाही. ते काम राहून गेलंय.'

मोहोळ उठलं. 'तुला काय माहीत?' असं चाळीस जणांनी विचारलं. चाळिसाव्याला भाच्याचं डोकं फिरलं आणि त्यानं लिहिलं, 'मला नाही तर कोणाला माहीत?'

अड्ड्याचा कारभार एका निवृत्त शिक्षिकेकडे होता. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंनी लगेच जाहीर केलं, 'हल्ली जो तो उठून स्वतःला बनवणारा म्हणवतो. उद्या दुपारी पेपर. दहा प्रश्न, वीस मिनिटं. कोणालाही बसता येईल, उसन्या वाटीनं बसलंच पाहिजे.'

इतका वेळ नवऱ्याला बोल लावणारी बायको दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसली. "आपल्याच खेळाचा पेपर आहे. पळालास तर मला तोंड दाखवू नकोस."

पहिला प्रश्न होता, कोणती पायरी करकरते. त्यानं सातवी लिहिलं. दुसरा, चौथ्या मजल्यावर कुंड्या किती.

"कुंड्या तूच काढल्यास ना?"

"काढल्या, मोजल्या कुठं?"

वीस मिनिटांत दोघांना घाम फुटला. बाईंनी सगळ्यांदेखत निकाल लावला. पायपुसणं, दहापैकी दहा. उसनी वाटी, दहापैकी चार. शेरा, 'तोतया. अभ्यास करून यावे.' आणि वाटीला अड्ड्याबाहेर काढलं.

इकडे पुढच्या बैठकीत कंपनीच्या वकिलानं 'मला नाही तर कोणाला माहीत?' हे वाक्य कागदावर छापून पुढं सरकवलं. "हा तुमचाच माणूस. करार मोडलाय. गेम आमचा."

चार वर्षं अशी एका ओळीत जाणार, या विचारानं भाच्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. सकाळीच त्यानं मावशीकडे सगळं कबूल केलं होतं आणि तासभर मावशीचा चष्मा टेबलावर होता.

आता मात्र तो नाकावर होता. "मी काहीच म्हणत नाही," मावशी म्हणाली. "फक्त या कागदावरचा चाहत्यांचा निकाल वाचते. या उसन्या वाटीला दहापैकी चार मिळालेत. शेरा आहे तोतया. पहिलाच प्रश्न घ्या. कोणती पायरी करकरते? याचं उत्तर सातवी. बरोबर उत्तर अकरावी."

"हातात सहापेक्षा जास्त बाटल्या असतील तर नववी," वकिलाशेजारी बसलेला कंपनीचा अधिकारी फाइलीतून मान वर न काढता म्हणाला.

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. त्याचा स्वतःचा वकीलही त्याच्याकडे बघत राहिला.

मावशीनं चष्मा काढला. "साहेब, हे या कागदावर नाही. कुठं वाचलंत?"

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. "वाचलं नाही," तो हळूच म्हणाला. "पेपरात लिहिलं."

"दहापैकी दहा! म्हणजे पायपुसणं तुम्ही?"

त्यानं मान डोलावली.

"मग दोघांचाही दावा बसला म्हणायचा," मावशी म्हणाली, "का तुमचा नि माझा, दोन्ही कागद फाडायचे?"

अधिकाऱ्यानं आपल्या वकिलाचा कागद उचलला आणि स्वतःच फाडला. "खेळ यांचाच आहे, आमच्या साहेबांना मी सांगतो. विकायचं काम तेवढं आमच्याकडे राहू द्या. दुसरा भाग आमच्या लोकांनी केला ना, तर पहिल्याच दिवशी लिफ्ट बसवतील."

तासाभरात तसा मसुदा झाला. सगळे उठले. अधिकारी दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"एक विचारू? त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी... झोपलेल्याच आहेत ना?"

भाच्यानं तोंड उघडलं. बायकोनं त्याच्या पायावर पाय दिला, पण तशी गरज नव्हती. समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसत होता.

"हो," तो म्हणाला. "फार दिवसांनी झोप लागलीय."

अधिकाऱ्यानं मान हलवली, आणि बाहेर जाताना खोलीचं दार आवाज न करता ओढून घेतलं.