रिकामा ट्रे

आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा अख्ख्या तालुक्यात त्यातलं कळणारा माणूस मी एकटाच! पुण्याला जाऊन शिकून आलो होतो. अध्यक्ष लालासाहेब पूर्वी फौजेत होते, त्यांनी हुकूमच सोडला, "नानासो, मशीन चाललं तर तू गार खोलीत कायम. न्हाई चाललं तर परत काट्यावर!" काटा म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करायची जागा. तिथं ऊन, धूळ आणि बैलांच्या शेपट्या.

काम सोपं होतं. प्रोग्रॅम पुण्याहून पत्र्याच्या डब्यात यायचा, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांची गड्डी. ती डब्यातून काढून ट्रेत लावायची. मशीन एकेक कार्ड ओढून वाचणार आणि पोटात प्रोग्रॅम जुळवणार. अट एकच, ट्रेत आधीचं काही नको.

उद्घाटनाच्या सकाळी मी झाडलोट करणाऱ्या रंगूबाईंना बजावलं, "मावशी, ट्रे पुसून ठेवा. अगदी रिकामा!"

"व्हय सायेब."

लालासाहेबांनी नारळ फोडला. मी गड्डी लावली, बटण दाबलं. खट्, खट्, कर्रर्र! कार्डांचा चिवडा! साफ करून पुन्हा दाबलं. पुन्हा चिवडा! शेवटी मशीन उघडलं, तर आतून तांदळाचे दाणे पडले. कुंकू लावलेले.

"रंगूबाई!"

"आवं, मोकळ्या भांड्यात कुनी नवं काय ठिवतं व्हय? चार दानं टाकलं. लय न्हाईत."

सगळे हसले. लालासाहेब सोडून. "दुसरी गड्डी मागव. ह्या बारीला चुकलास तर काटा!"

मी रंगूबाईंना अंधश्रद्धेवर सणसणीत व्याख्यान दिलं आणि पुण्याला ट्रंककॉल लावला. तिथले साहेब म्हणाले, "गड्डी देतो, पण आधी आमचा डबा परत पाठवा." एसटीनं पाठवला.

नवी गड्डी त्याच डब्यातून आली. या खेपेला मी सर्वांदेखत ट्रे उलटा करून आपटला, वर फुंकर मारली. रंगूबाईंना दाराबाहेर उभं केलं. मग ऐटीत डबा उघडला. कार्डं निघेनात! जोर लावून ओढली, तर सगळी गड्डी विटेसारखी एकसंध बाहेर आली. मागोमाग मुंग्या.

लालासाहेबांनी डब्यात बोट फिरवून चाटलं. "काकवी! नानासो, डब्यात काय घातलं हुतंस रं?"

"सासऱ्यांच्या गुऱ्हाळातली... भरून पाठवली होती." पुणेकरांनी काकवी काढून घेतली होती, डबा मात्र धुतला नव्हता! "मोकळा डबा परत कसा पाठवायचा, साहेब?"

दारातून रंगूबाई म्हणाल्या, "बराबर हाय की!"

सध्या मी काट्यावर असतो. इथं गाड्या भरून येतात आणि रिकाम्या परत जातात. कुणाला त्याचं काही वाटत नाही.